थाळी दहाची, उधारी चाळीसची: एका शिवभोजन केंद्राचा हिशेब

जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयाबाहेर दुपारी बाराच्या आधी जी रांग लागते, तिच्यात रुग्ण नसतात. रुग्णाला आतून जेवण मिळतं. रांगेत असतात त्याच्या खाटेखाली चटई टाकून झोपणारी माणसं: भाऊ, बायको, म्हातारी आई. गावाहून बांधून आणलेल्या भाकरी दुसऱ्या दिवशी संपतात. चूल मांडायला जागा नाही, जवळ भांडं नाही आणि बाहेर खानावळीत रोज दोन वेळा जेवायची ऐपत नाही. घरी रेशनचे गहू-तांदूळ पडलेले असतीलही, पण ते इथे काय कामाचे?

महाराष्ट्रात अशा माणसासाठी असलेली सरकारी सोय म्हणजे शिवभोजन थाळी. १ जानेवारी २०२० च्या शासन निर्णयाने योजना आली आणि २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली. खाणाऱ्याने १० रुपये द्यायचे. थाळीचा दर शहरात ५० रुपये आणि ग्रामीण भागात ३५ रुपये धरलेला. म्हणजे वरचे ४० किंवा २५ रुपये शासन केंद्रचालकाला अनुदान म्हणून देणार. वेळ दुपारी १२ ते २. सुरुवातीला फक्त जिल्ह्याच्या ठिकाणी, सगळ्या राज्यात मिळून रोज १८,००० थाळ्या, एका केंद्राला कमीत कमी ७५ आणि जास्तीत जास्त १५०. या मंजूर संख्येला पुरवठा खात्याच्या भाषेत इष्टांक म्हणतात, आणि केंद्रचालकांच्या तोंडीही तोच शब्द बसला आहे. पुढे योजना तालुक्यांपर्यंत गेली आणि इष्टांक कित्येक पटींनी वाढला.

योजनेवर बोलणं होतं ते बहुतेक वेळा थाळी किती जणांनी खाल्ली यावर. या लेखात उलटीकडून पाहायचं आहे: एक केंद्र रोज कसं उभं राहतं आणि कशाने बसतं. त्यासाठी एक नमुना केंद्र घेतलं आहे. जिल्ह्याचं ठिकाण, सरकारी रुग्णालयाजवळ भाड्याचा गाळा, महिला बचत गट चालवतो, इष्टांक १००. दर आणि प्रमाणं योजनेची आहेत. किराणा, गॅस, मजुरी यांचे भाव हिशेबापुरते धरलेले आहेत, आपापल्या गावचे भाव घालून कुणीही तो पुन्हा मांडून पाहावा.

तीस ग्रॅमची पोळी म्हणजे नक्की काय

थाळीत काय असावं हे ग्रॅममध्ये लिहिलेलं आहे: प्रत्येकी ३० ग्रॅमच्या दोन पोळ्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात, १०० ग्रॅम वरण. कागदावर हे सरळ दिसतं. पण पहिल्याच दिवशी ओट्यापाशी प्रश्न येतो: ३० ग्रॅम हे कणकेच्या गोळ्याचं वजन की भाजलेल्या पोळीचं?

तव्यावर पोळीतलं पाणी उडतं. साधारण ३६ ग्रॅमचा गोळा घेतला तर भाजून ३० ग्रॅमची पोळी उतरते. तीस ग्रॅमचाच गोळा घेतला तर हातात येते ती पंचवीसची. ताटात वाढलेल्याचं वजन धरायचं असेल तर २०० पोळ्यांना ७.२ किलो कणीक लागते, म्हणजे ४.५ किलो पीठ आणि सुमारे २.७ लिटर पाणी. लाटताना लागणारं पीठ वेगळं. गोळे डोळ्याच्या अंदाजाने तोडले की पहिल्या पन्नास पोळ्या मोठ्या होतात आणि शेवटच्या पन्नास पापडासारख्या. म्हणून कणकेची लांब वळकटी करून सुरीने सारखे तुकडे पाडतात आणि दर वीस तुकड्यांमागे एक काट्यावर टाकून पाहतात. वेळ फारसा जात नाही, पण रांगेतल्या शेवटच्या माणसालाही पहिल्याएवढीच पोळी मिळते.

भाताचं गणित तांदळावर अवलंबून. शंभर मुदींचा १५ किलो भात व्हायला ५.५ ते ६ किलो तांदूळ लागतो. जुना तांदूळ पाणी जास्त पितो आणि मोकळा होतो. नवा तांदूळ स्वस्त मिळाला म्हणून आणला तर भात गिच्च होतो आणि मूद पडतानाच फुटते. मग वाढणारा हात अंदाजाने चालतो. मुदीची वाटी एकदाच वजन करून ठरवावी, भात दाबून न भरता १५० ग्रॅम बसेल अशी. दाबून भरली तर त्याच वाटीत दोनशेच्या आसपास जातो आणि सत्तर-पंचाहत्तर ताटांतच पातेलं रिकामं.

वरण १० किलो, तूरडाळ २ किलो. एकास पाच हे प्रमाण राहिलं तर वरण पोळीला लागतं. डाळ महागली किंवा संपत आली की १.३ किलोत तेवढंच वरण करतात. वाटीत वरती पाणी, खाली चार दाणे. त्यात वाचतात जेमतेम ९० रुपये, पण जेवणाऱ्याला बदल पहिल्या घासात कळतो. थाळीत प्रथिनांसाठी डाळीशिवाय भरवशाचं दुसरं काही नाही, म्हणून ही नव्वद रुपयांची काटकसर सगळ्यांत महाग.

भाजी १० किलो शिजलेली. बटाटा, कोबी, दुधी यांत सोलणं-चिरणं आणि आटणं धरून ११ ते १३ किलो कच्चा माल पुरतो. मेथी-पालक घ्यायचा म्हटलं तर निवडून-शिजून इतका बसतो की पन्नास रुपयांच्या थाळीत नुसती पालेभाजी परवडत नाही. डाळीत किंवा बटाट्यात घालूनच ती येते. मटकीची उसळ मात्र हिशेबात चांगली बसते. साडेतीन किलो कोरडी मटकी मोड येऊन दुपटीच्या वर जाते आणि रश्श्यासकट १० किलो उसळ होते. ताज्या भाजीपेक्षा स्वस्त आणि पोषणाने सरस. अडचण एकच: आदल्या दिवशी सकाळी भिजत घालावी लागते, संध्याकाळी फडक्यात बांधावी लागते, आणि थंडीत मोडांना आणखी एक दिवस लागतो. उद्याचं आज ठरवण्याची सवय नसलेल्या केंद्रात म्हणून बारा महिने बटाटाच दिसतो.

या सगळ्याची बेरीज केली तर थाळीत साधारण ५५० किलोकॅलरी आणि १५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं येतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार मध्यम कष्ट करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २,७१० किलोकॅलरी लागतात. थाळी त्याच्या एक पंचमांश. हमाली किंवा गवंडीकाम करणाऱ्याचं पोट यात भरत नाही, आणि एका माणसामागे एकच थाळी. खाटेशेजारी बसून असलेल्या म्हातारीला ती पुरते. "पोटभर" हा शब्द कुणासाठी वापरतो आहोत ते म्हणूनच आधी ठरवायला हवं.

बारा ते दोन

शंभर ताटांसाठी स्वयंपाकघर सकाळी आठला सुरू करावं लागतं. भाजी निवडणं-चिरणं, डाळ भिजवणं, साडेनऊला कणीक. दोनशे पोळ्या ही सगळ्यांत लांब चालणारी गोष्ट: एक लाटणारी, एक भाजणारी, दोन-सव्वादोन तास. पोळ्या पातळ सुती फडकं घातलेल्या दुरडीत रचायच्या. स्टीलच्या बंद डब्यात ठेवल्या तर वाफ धरून खालच्या वीस चिकटतात. भात एकदम लावायचा नाही. सत्तर ताटांचा पावणेबाराला तयार ठेवायचा आणि उरलेल्याचा साडेबाराला रांग पाहून लावायचा. यात दोन फायदे. उरला तर तांदूळ उरतो, भात नाही. आणि भात तासन्‌तास कोमट पडून राहत नाही. कोमट भातात जिवाणू वाढतात. पुन्हा गरम करून भात वाफाळला तरी त्यांनी सोडलेलं विष जात नाही, आणि अशा भाताने होणारी उलटी रुग्णालयाच्या दारातच व्हावी यासारखी नामुष्की नाही.

बाराला वाढणं सुरू होतं, म्हणजे आधी फोटो सुरू होतात. प्रत्येक जेवणाऱ्याची नोंद शिवभोजनाच्या मोबाइल अॅपवर नाव आणि फोटोसह करायची. अनुदान मिळतं ते या नोंदींवर, शिजवलेल्या ताटांवर नाही. एका नोंदीला अर्धं मिनिट धरलं तर शंभर नोंदींना पन्नास मिनिटं लागतात. नेटवर्क गेलं की रांग उन्हात उभी आणि पोळ्या गार. गल्ल्यावर बसणारी बाई फोटो काढते, नाव लिहिते, दहाची नोट घेते, सुटे शोधते, आणि तेवढ्यात कुणी "फोटो कशाला पाहिजे?" म्हणून अडून बसतं. पदर ओढून उभ्या असलेल्या बाईला चेहरा दाखवायला सांगणं हे काम तर कुणालाच नको असतं. जी केंद्रं फोनची बॅटरी, दुसरं सिमकार्ड आणि सुट्ट्या पैशांची बरणी साडेअकराला तयार ठेवतात त्यांची रांग एकच्या आत मोकळी होते. ही तयारी कुठल्याच शासन निर्णयात नाही.

अॅपवर नोंद झाली तरी वहीत ओळ हवीच. दोन वाजता अॅपचा आकडा, वहीचा आकडा आणि गल्ल्यातल्या नोटा या तिन्ही जुळवायच्या. फरक त्याच दिवशी सापडतो. पंधरा दिवसांनी पुरवठा शाखेत बसून तो कुणालाच सापडत नाही, आणि मग कापला जातो तो केंद्राचा आकडा.

गल्ल्यात हजार, कागदावर चार हजार

आता पैसे. शहरी केंद्र, शंभर थाळ्या: दिवसाचं उत्पन्न ५,००० रुपये. त्यातले १,००० रोख आणि ४,००० येणे.

खर्च असा धरू. पीठ १६२, तांदूळ २५२, डाळ २६०, तेल १६८, मसाला-मीठ-कांदा-लसूण १२०. म्हणजे किराणा ९६२. भाजी १२ किलो ४८० रुपयांची. गॅस व्यावसायिक १९ किलोच्या टाकीचा, आठवडाभराहून थोडी जास्त चालणारी, म्हणजे रोजचे सुमारे २१२. स्वयंपाकाच्या दोघींना ४५० प्रमाणे ९०० आणि वाढप-भांड्यांना ३५०. गाळ्याचं भाडं दिवसाला ४००. पाणी, वीज, साबण, फडकी १८०. एकूण ३,४८४ रुपये.

म्हणजे कागदावर रोज १,५१६ रुपये सुटतात. इथपर्यंत वाचून लोक म्हणतात, मग रडगाणं कशाचं? दोन गोष्टींचं.

पहिली, शंभर ताटं शिजवली आणि सत्तर माणसं आली तर उत्पन्न ३,५०० आणि खर्च जवळपास तोच. सत्तर ही या केंद्राची रेघ. त्याच्या खाली रोज घाटा. पावसाची झड, बाजाराची सुट्टी, सण, रुग्णालयातली वर्दळ कमी होणं, यांपैकी एकानेही आकडा सत्तरवर येतो.

दुसरी गोष्ट मोठी. रोज ३,४८४ रुपये बाहेर जातात आणि १,००० आत येतात. उरलेले २,४८४ रुपये कुणीतरी आधी घालावे लागतात. महिन्याला सुमारे ७४,५०० रुपये. बिल दोन महिन्यांनी निघालं तर दीड लाख अडकतात, सहा महिन्यांनी निघालं तर जवळपास साडेचार लाख. शासनाकडून यायचं असतं ते तेव्हा ७ लाख २० हजार झालेलं असतं, पण येणे म्हणजे पैसा नव्हे. पुरवठा शाखेने पडताळणी करायची, देयक पुढे जायचं, वरून निधी उतरायचा आणि मग खात्यात जमा. यात शेवटची पायरीच बहुतेक वेळा अडते. निधीच आलेला नसतो. २०२५ मध्ये राज्यभरातल्या केंद्रचालकांनी कित्येक महिन्यांची देयकं थकल्याची ओरड केली, मोर्चे-निवेदनं झाली आणि अनेकांनी केंद्रं बंद केली. दर मात्र २०२० चाच, ५० आणि ३५, यावरही त्यांची तक्रार आहे.

मग ते पैसे कोण घालतं? क्रम ठरलेला आहे. रोजच्या हजारातून भाजीवाला आणि गॅस सुटतो, कारण हे दोघे उधार देत नाहीत. ६९२ गेले, उरले ३०८. किराणा उधारीवर जातो. सहा महिन्यांत दुकानदाराच्या वहीत पावणेदोन लाखांच्या आसपास चढतात आणि तो भावात शेकडा पाच-सात टक्के चढवूनच माल देतो. व्याज असं कुठे लिहिलेलं नसतं, डाळीच्या किलोमागे ते मिसळलेलं असतं. गाळामालक दोन महिने थांबतो. शेवटी उरते मजुरी. बचत गटाच्या केंद्रात पोळ्या लाटणाऱ्या बाया गटाच्याच सभासद. "बिल आलं की घेऊ" म्हणून त्यांचीच मजुरी मागे राहते. तिघींचे दिवसाला १,२५० म्हणजे महिन्याला ३७,५०० रुपये. शासनाच्या योजनेला बिनव्याजी भांडवल पुरवणारी ही बाई स्वतः रेशनकार्डधारक असते, हे कुठल्याही आढावा बैठकीच्या कागदावर दिसत नाही.

उधारीचा एक वेडावाकडा फायदाही होतो, तो सांगायलाच हवा. भाजीला रोख लागते आणि मटकी-हरभरा किराण्यातून उधार मिळतो. त्यामुळे बिल लांबलं की काही केंद्रांत उसळ वाढते. पण दुकानदाराने हात आखडला की तीही थांबते, आणि तेव्हा उरतो तो पाण्याचा मार्ग.

ग्रामीण केंद्राचं चित्र वेगळं. उत्पन्न ३,५००, रोख १,०००, येणे २,५००. भाडं नाममात्र आणि मजुरी कमी धरली तरी खर्च २,८०० च्या आसपास. रोजचा अडकणारा पैसा कमी, पण सुटणारे सातशेच. तिथे ऐंशी माणसं आली की संपलं. डाळ-तेलाचा भाव गावात शहरापेक्षा कमी नसतो, हे ३५ रुपये ठरवताना कुणाच्या लक्षात राहिलं नसावं.

दहा, पाच, फुकट

टाळेबंदीत, मार्च २०२० च्या अखेरीस, थाळी ५ रुपयांना केली. केंद्रांची संख्या वाढली, वेळ वाढवली, बांधून न्यायला परवानगी दिली. १५ एप्रिल २०२१ पासून दुसऱ्या लाटेत थाळी पूर्ण मोफत झाली आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा १० रुपयांवर आली. त्या काळात हातावर पोट असलेल्यांना या थाळीने तगवलं, यात शंका नाही. शासनाने अनुदानही तेवढंच वाढवलं होतं: शहरी केंद्राला पाचच्या काळात ४५ आणि मोफतच्या काळात पूर्ण ५०.

पण केंद्राच्या गल्ल्यात काय झालं ते पाहा. दहाच्या थाळीत रोज हजार रुपये हाती होते. पाचच्या थाळीत पाचशे, त्यातून गॅस आणि अर्धी भाजी. मोफत थाळीत शून्य. उत्पन्न तेच राहिलं, पण सगळं येण्यात गेलं, महिन्याला दीड लाख. ज्या केंद्रचालकाकडे आधीपासून खानावळ किंवा हॉटेल होतं तो तरला. नुसत्या शिवभोजनावर उभा असलेला गट भाजीवाल्यापाशी अडला. खाणाऱ्याच्या दृष्टीने दहा रुपये ही किंमत आहे, केंद्राच्या दृष्टीने ते रोजचं खेळतं भांडवल आहे. ते शून्य करायचं तर तेवढी रक्कम आगाऊ द्यायला हवी. अनुदान वाढवणं आणि आगाऊ देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दहाचं आणखी एक मोल आहे. मंदिराच्या अन्नछत्रात किंवा रोटी बँकेच्या गाडीपाशी माणूस हात पुढे करतो. इथे तो नोट पुढे करतो. वरण पातळ असलं तर "ताई, डाळ कुठाय?" असं विचारायचा हक्क त्या नोटेने मिळतो. दानावर चाललेल्या अन्नात आज काय आलं त्यावर ताट ठरतं. लग्नसराईत उरलेली बिर्याणी, एरवी बिस्किटं. दान वाईट नाही. पण त्यावर रोजचा दिवस बांधता येत नाही.

फोटोतली माणसं

सत्तरच्या रेघेकडे परत येऊ. ऐंशी माणसं आली, शंभर ताटं शिजली. वीस फोटो जास्त चढवले तर अनुदानाचे आठशे रुपये येतात. मोह तिथेच आहे. काही ठिकाणी त्याच त्या चेहऱ्यांचे फोटो, फोटोचा फोटो, ताट न देता नोंद असे प्रकार उघडकीला आले. त्यावर शासनाने केंद्रात सीसीटीव्ही बंधनकारक केले, अॅपची नोंद केंद्राच्या आवारातूनच व्हावी अशी अट घातली. अटी रास्त आहेत. पण कॅमेऱ्याचा खर्च प्रामाणिक केंद्रालाही तेवढाच पडला, आणि बिल सहा महिने अडकवून ठेवणाऱ्या यंत्रणेवर कॅमेरा लागला नाही. बिल जितकं लांबतं तितका वीस फोटोंचा मोह वाढतो. दोन्हीचा उगम एकच, आणि इलाज मात्र एकाच बाजूवर झाला.

इष्टांक नीट ठरवला असता तरी हा मोह कमी झाला असता. रुग्णालयासमोरच्या केंद्रात सोमवारी, बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीच्या दिवशी, साडेबारालाच "थाळी संपली"ची पाटी लागते. रविवारी तिथेच साठ ताटंही जात नाहीत. इष्टांक रोजचा शंभर, आठवड्याचा सातशे नव्हे. तो आठवड्यावर दिला तर सोमवारी १३० वाढता येतील, रविवारी ६० शिजवता येतील, आणि मंजूर रकमेपलीकडे शासनाचा एक रुपयाही वाढणार नाही.

झुणका-भाकर आणि अम्मा

महाराष्ट्राने स्वस्त जेवणाचा हा पहिलाच प्रयोग केलेला नाही. १९९५ मध्ये युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर सुरू केली. त्यासाठी मोक्याच्या जागांवर स्टॉल दिले. झुणका-भाकर परवडेनाशी झाली, योजना गुंडाळली गेली, पण जागा राहिल्या. तिथे वडापाव आला, चायनीज आलं आणि जागा परत घेण्यासाठी कोर्टकज्जे झाले. शिवभोजनाने यातून एक धडा घेतला: जागा द्यायची नाही, चालू खानावळीला किंवा गटाला ताटामागे पैसे द्यायचे. म्हणून इथे जागा बळकावण्याचा प्रश्न आला नाही. पण जागेची जोखीम काढताना भांडवलाची जोखीम पूर्णपणे केंद्रचालकावर गेली.

चेन्नई महापालिकेने फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू केलेल्या अम्मा उणवगम या स्वस्त खानावळींमध्ये वेगळी रचना आहे. इडली १ रुपया, सांबारभात ५, दहीभात ३. स्वयंपाकघर महापालिकेचं, तांदूळ शासनाच्या धान्य पुरवठ्यातून, आणि बचत गटाच्या बायांना महापालिकेकडून रोजंदारी. तोटा मोठा होतो आणि त्यावरून टीकाही होते, पण तो महापालिकेच्या वहीत होतो, पोळ्या लाटणारीच्या घरात नाही. आपल्याकडे ज्या खात्यामार्फत रेशनचं धान्य गावोगाव जातं तेच खातं शिवभोजनही चालवतं, आणि केंद्राला तांदूळ बाजारभावाने किराणा दुकानातून आणावा लागतो. महिन्याचे १७५ किलो तांदूळ आणि १३५ किलो गहू खात्यानेच दिले आणि अनुदानातून वळते केले, तर उधारीचा मोठा भाग तिथेच संपेल. थाळीचा दर वाढवण्यापेक्षा हे सोपं आहे.

जी केंद्रं टिकतात ती काय करतात

टिकून राहिलेल्या केंद्रांचे मार्ग फार चमकदार नाहीत. एक, ते नुसत्या इष्टांकावर जगत नाहीत. त्याच चुलीवर साठ-सत्तर रुपयांची साधी राइसप्लेट दहा-पंधरा जणांना विकतात किंवा कार्यालयांना डबे देतात. शिवभोजनाची भांडी आणि वही मात्र वेगळी ठेवतात, नाहीतर तपासणीत शंभरातली ताटं विकल्याचा आरोप येतो. दोन, दहाच्या नोटांचा डबा वेगळा असतो आणि त्यातून भाजी-गॅस सोडून काही काढत नाहीत. तीन, देयकाचे कागद महिना संपायची वाट न पाहता तयार ठेवतात: अॅपचा अहवाल, वहीची प्रत, आणि दिलेल्या कागदावर आवक क्रमांक. "दिलंय साहेब" याला पुरवठा शाखेत किंमत नाही, आवक क्रमांकाला आहे. चार, बचत गटाचं बँक कर्ज घेऊन किराणा रोखीने उचलतात. गटाच्या कर्जाचं व्याज दुकानदाराच्या चढवलेल्या भावापेक्षा स्वस्त पडतं, फक्त हप्ता दर महिन्याला जातो आणि अनुदान दर महिन्याला येत नाही. म्हणून कर्ज तीन महिन्यांच्या किराण्याएवढंच घ्यावं, सुमारे ८५ हजार. आणि पाच, इष्टांक वाढवून मिळत असला तरी मागची देयकं निघेपर्यंत घेत नाहीत. १५० थाळ्यांची मंजुरी मानाची वाटते, पण दीडपट उधारीचीही असते.

कुणापर्यंत पोचत नाही

बारा ते दोन ही वेळ कचेरीची आहे. भाजी मंडईतला हमाल पहाटे तीनला कामाला लागतो, सकाळी दहाला त्याचं पोट रिकामं असतं. नाक्यावरून उचललेला बिगारी दुपारी कुठल्यातरी अर्ध्या बांधलेल्या इमारतीवर असतो, थाळी तिथून चार किलोमीटरवर. गुडघे गेलेली एकटी म्हातारी रिक्षाला तीस रुपये देऊन दहाची थाळी खायला येणार नाही.

घरात चूल असलेल्या कुटुंबाला थाळी हे उत्तरच नाही. त्याला रेशन नीट मिळणं महत्त्वाचं: अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबात माणशी ५ किलो, अंत्योदय कार्डावर ३५ किलो, जानेवारी २०२३ पासून मोफत. नाहीतर हातात रोख. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेत महिन्याला १,५०० रुपये मिळू लागले. शहरी दराने तेवढ्यात तीस थाळ्या होतात, रोजची एक. घरी राहणारी बाई त्या पैशात याहून जास्त शिजवेल, हे उघड आहे. खाटेखाली झोपणारी बाई शिजवूच शकत नाही. म्हणून रोख की थाळी हा वाद अर्धा खोटा आहे. केंद्र कुठे आहे त्यावर त्याचं उत्तर ठरतं: रुग्णालय, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन, बाजार समिती. वस्तीत, घराघरांत चुली असताना उघडलेलं केंद्र बहुधा कुणाच्या तरी ओळखीने मंजूर झालेलं असतं.

रात्रीचं काय, याचं उत्तर योजनेत नाही. दोन वाजता केंद्र बंद होतं, आणि टाळेबंदीतली सवलत सोडली तर थाळी तिथेच बसून खायची असते. रुग्णालयासमोरच्या केंद्रात वाढणाऱ्या बायांना हे रोज दिसतं. एखादी बाई वरण भातात कालवून आधी संपवते, एक पोळी भाजीबरोबर खाते आणि दुसरी घडी घालून रुमालात जाते. नियमाने तिला हटकायला हवं. वाढणारी तेवढ्यात पातेल्याकडे वळते आणि पुढच्या ताटात मूद पाडते.